नाना सोवनींची खोटी खबर

नाना सोवनी मला पहिल्यांदा भेटले ते माझे वडील गेल्याचं सांगायला. मी तेव्हा तिसरीत होते. झाशीच्या रेल्वे कॉलनीत आम्हाला नुकतंच क्वार्टर मिळालं होतं. बाबा मालगाडीवर गार्ड होते. मी दारातल्या पायरीवर चपला काढून मटारच्या शेंगा सोलत बसले होते. समोरच्या क्वार्टरमधून पांढराशुभ्र लेंगा घातलेला एक उंच माणूस आला, माझ्यासमोर उकिडवा बसला आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "पोरी, आईला बोलाव. तुझ्या बाबांची गाडी बबीन्याजवळ घसरली. गेले ते." एवढं बोलून तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला.

मी उठले. पायरीवर वेड्यावाकड्या पडलेल्या माझ्या चपला मी आधी नीट जोडीनं लावल्या आणि मग किंचाळत आत पळाले. आई कणकेच्या हातांनीच बाहेर आली, तर हे गृहस्थ हसत उभे! "काही नाही वहिनी, गंमत केली. मी सोवनी, समोर राहतो. पोर गुणी आहे हो तुमची." आईनं त्यांना जे ऐकवलं त्यातलं निम्मं इथे लिहिता येणार नाही. "मुडदा बशिवला तुझा" हे त्यातलं सगळ्यात सौम्य. नाना मान डोलावत ऐकत होते, आणि मधेच म्हणाले, "वहिनी, ते 'मुडदा'च्या आधी काय म्हणालात? परत म्हणा ना." बाबा संध्याकाळी धडधाकट घरी आले. आई त्यांच्या गळ्यात पडून रडली, आणि त्यांना बिचाऱ्यांना काही कळेना.

त्या दिवाळीत एका मोठ्या अंकात नानांची कथा आली. मुंबईचा फुटपाथ, तिथली गजरेवाली, तिची पोर आणि बसखाली आलेला बाप. पोरीला बातमी कळते, ती आधी चपला सरळ लावते आणि मग धावते. बाबा ती मोठ्यानं वाचत होते, तिथे आले आणि थांबले. आई म्हणाली, "मेल्यानं माझी पोर नेऊन विकली." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आणि खरं सांगू, आतून गुदगुल्याही झाल्या. तो अंक मी चोरून दप्तरात नेला आणि वर्गात दाखवला. वर्गात मराठी येणारी मी एकटीच होते, त्यामुळे कुणाला काही समजलं नाही.

तर असे नाना. तरुणपणी ते मुंबईत एका छापखान्यात मुद्रितं तपासायचे, आणि फुटपाथला लागून असलेल्या एका खोलीत राहायचे. पुढे रेल्वेच्या हिशेब खात्यात चिकटले, झाशीला आले आणि इथेच राहिले. पण लिहिलं त्यांनी आयुष्यभर फक्त मुंबईच्या रस्त्याबद्दल. मालीशवाले, कान कोरणारे, खिसेकापू, लग्नाच्या बँडमधले तुतारीवाले, दोरीवर कपडे विकणाऱ्या बायका. पुण्यामुंबईचे वाचक म्हणत, रस्त्याचे असे रंग कुणी दाखवलेच नाहीत. झाशीत मात्र आमची मोजकी मराठी घरं सोडली तर ते नुसते "सोवनी बाबू" होते. मुंबईला ते सहसा जात नसत. विचारलं तर म्हणायचे, "तिथले रंग मला पाठ आहेत. चेहरे इथे फुकट मिळतात."

हे चेहरे मिळवायची त्यांची एकच रीत होती. खोटी खबर द्यायची आणि बघत बसायचं. "माणूस सावध असला की खोटा असतो. दचकवला की खरा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. इलाइट चौराह्याजवळ रामकली नावाची बाई ठेल्यावर भाजी विकायची. एकदा नानांनी तिला जाऊन सांगितलं, नगरपालिकेचा ट्रक आलाय, पुढच्या गल्लीतले ठेले उचलताहेत. रामकलीनं ठेला सोडला, तराजू तेवढा पदराखाली घेतला आणि त्याला पोटाशी धरून भर रस्त्यात बसली. येईना कुणीच. तिनं मान वर केली तर समोर नाना. ती म्हणाली, "बाबूजी, गरीब की हाय लगेगी तुमको." नाना घरी आले ते शीळ घालत. पुढे कथेत रामकलीची दादरची कोळीण झाली, आणि एका मोठ्या समीक्षकानं लिहिलं की कोळणीचा ठसका असा पूर्वी कुणाला साधलाच नव्हता. आमची रामकली पक्की शाकाहारी. मासा समोर आला असता तर तिनं आंघोळ केली असती.

लोक चिडत का? चिडत तर. पण महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत बायका एकमेकींना हळूच विचारायच्या, "यंदा तुमचा नंबर लागला का?" कुलकर्णी म्हणून एक हेडक्लार्क होते, त्यांना कथेत यायची भारी हौस. नानांच्या पुढ्यात मुद्दाम येरझाऱ्या घालायचे. शेवटी न राहवून एकदा म्हणाले, "नाना, आम्हाला कधी दचकवणार?" नानांनी त्यांना खालीवर न्याहाळलं आणि चारचौघांत म्हणाले, "तुमच्यात काही निघणार नाही हो." कुलकर्णी त्या दिवशी प्रसाद न घेताच गेले.

नानांची बायको मालूकाकू. त्या मूळच्या झाशीच्याच, जुन्या काळी दक्षिणेतून पूजेअर्चेसाठी आणलेल्या भटजींच्या घराण्यातल्या. त्यांच्या बोलण्यात निम्मी हिंदी आणि निम्मे आम्ही कधी न ऐकलेले जुने मराठी शब्द. नानांना त्याचीही चेष्टा. "हिचं मराठी म्हणजे पोह्यात पनीर," ते पाहुण्यांसमोर म्हणायचे. काकू हसायच्या नाहीत, रागवायच्याही नाहीत. मला वाटायचं, या बाईला चेहराच नाही. मोठी झाल्यावर मी एकदा तसं विचारलंच. त्या भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "होता गं. लग्नाच्या पहिल्या सालात माझे वडील किती बार मेले, गिनती नाही. दर वेळी मी माहेरी पळायची, दोन गल्ल्या ओलांडून, आणि ते ओसरीवर पेपर वाचत बसलेले. मग मी ठरवलं, आता या माणसाला काही दाखवायचं नाही." नाना आतून ओरडले, "ऐकू येतंय मला! हिच्यात आता काही उरलं नाही, चारू. कधीच वापरून झालं." काकूंनी मेथीची जुडी सोडली आणि दुसरी घेतली.

मात्र काकूंनी नवऱ्याकडून एक शपथ घेतली होती, गणपतीसमोर उभं करून. मुकुंदाला हात लावायचा नाही. मुकुंदा त्यांचा एकुलता मुलगा, माझ्याहून थोडा मोठा. आणि हे खरं की नानांनी शपथ पाळली. सगळ्या कॉलनीला खोटं सांगणारा हा माणूस पोराशी एक अक्षर खोटं बोलायचा नाही. "बाबा म्हणाले ना, मग खरं आहे," असं मुकुंदा म्हणायचा, आणि आम्ही बाकीची पोरं हसून हसून लोळायचो.

मुकुंदाला फौजेत अफसर व्हायचं होतं. रोज पहाटे छावणीच्या रस्त्यांवर धावायचा. परीक्षा झाली, मुलाखत पार पडली, डॉक्टरांनी पास केलं. शेवटची यादी तेवढी लागायची होती. नेमक्या त्याच उन्हाळ्यात नानांच्या संपादकांनी त्यांना टोमणा मारला, की सोवनी, तुमची माणसं रडतात झकास, पण त्यांना हसता येतं की नाही? नानांना ते फार लागलं. कारण ते खरं होतं. त्यांना आनंद लिहिता येत नव्हता. त्यांनी कधी जवळून बघितलाच नव्हता ना! मग ते चांगल्या खबरी घेऊन फिरायला लागले. रामकलीला म्हणाले, तुझ्या भावाला लॉटरी लागली. ती म्हणाली, "हटो बाबूजी, बोहनी का टाइम है." कॉलनीतल्या एकीला सांगितलं, तुमची बदली नागपूरला झाली. तिनं धाडकन दार लावून घेतलं. नानांची वाईट बातमी खोटी असली तरी माणूस दचकायचाच, पण चांगल्या बातमीवर विश्वास ठेवायला झाशीत कुणी उरलं नव्हतं.

एकजण सोडून.

त्या दुपारी मी सोवन्यांकडे आईचं पातेलं परत न्यायला गेले होते. नाना ऑफिसातून अवेळी आले, दारातूनच म्हणाले, "मुकुंदा, दिल्लीहून ओळखीच्याचा फोन होता. यादी लागली. तुझं नाव आहे." मुकुंदानं उडी मारली नाही की ओरडला नाही. तो मोरीत गेला, नळाखाली पेला धरला आणि पाणी प्यायला. एक पेला, मग दुसरा, मग तिसरा. पाणी हनुवटीवरून शर्टावर गळत होतं आणि तो नळाकडे बघून हसत होता. मग बाहेर येऊन तो नानांच्या पाया पडला. आणि काकू! आयुष्यात पहिल्यांदा मी त्या बाईचा चेहरा बघितला. काय सुंदर होत्या हो त्या! तोंडाशी पदर धरून त्या एवढंच म्हणत होत्या, "माझा बच्चा, माझा बच्चा." नाना भिंतीला टेकून उभे होते. मुकुंदाकडे बघायचे, मग काकूंकडे, मग परत मुकुंदाकडे.

मुकुंदा पेढे घेऊन सगळ्या कॉलनीत हिंडला. संध्याकाळी अंगणात ही गर्दी. कुणी ढोलक आणलेलं, शेजारचे मिश्राजी नाचायला उठलेले. तेव्हा नाना पुढे आले आणि टाळी वाजवून म्हणाले, "बरं, आता पुरे. यादी अजून लागलेली नाही."

ढोलक थांबलं. मुकुंदा म्हणाला, "बाबा?" नाना त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "अरे, लागेल, लागेलच. आणि नाही लागलं नाव, तर ही दुपार तरी सुखात गेली ना? ती काही खोटी नव्हती." काकू उठून आत गेल्या. जाताना मी त्यांच्याकडे बघितलं, तर चेहरा पुन्हा मिटलेला होता.

मुकुंदानं मग काय केलं, तर जिथे जिथे पेढे दिले होते त्या प्रत्येक घरी तो गेला. "आंटीजी, माफ कीजिए, वो खबर सही नहीं थी." आमच्याकडे आला तेव्हा आईचे डोळे भरले. ती म्हणाली, "अरे बाळा, तू कशाला दारोदार फिरतोस? ज्यांनी केलं ते निस्तरतील." मुकुंदा म्हणाला, "काकू, ते सांगतील तर कोण मानेल?"

यादी पुढे लागली. त्यात त्याचं नाव नव्हतं. मुकुंदा बंगळुरूला गेला, कुठल्याशा कंपनीत लागला, लग्न केलं, आणि परत म्हणून झाशीला आला नाही. काकू वर्षातून एकदा त्याच्याकडे जाऊन यायच्या. त्याच वर्षी दिवाळीत नानांची कथा आली. फुटपाथवर इस्त्री करणाऱ्या एका पोराला नोकरी लागल्याचं कळतं, आणि तो सार्वजनिक नळावर पाणी पीत सुटतो. आनंदाचं एवढं जिवंत चित्र मराठीत नाही, असं लोक म्हणाले. मुंबईत सत्कार झाला, शाल आली. काकूंनी ती शाल घडीसकट कामवालीला देऊन टाकली.

"काकू, तुम्ही सोडून का नाही गेलात?" मी त्यांना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "जाऊ कुठे? आणि मी गेले तर यांचा शेवट कोण बघणार?" मला वाटलं, सेवेबद्दल बोलताहेत.

एवढं सगळं असून मी त्या घरी जात राहिले. का, ते सांगते. मला मराठी वाचायला नानांनी शिकवलं. आमच्या पिढीच्या इथल्या पोरांना मराठी कळायचं, पण धड बोलता यायचं नाही, लिहिणं तर दूरच. नानांनी मला पुस्तकं दिली, माझे निबंध लाल केले, आणि रस्त्यावर सोबत फिरवून सांगितलं, "तोंडाकडे बघू नकोस, तोंड शिकलेलं असतं. हातांकडे बघ." आज मी शाळेत शिकवते, आणि पोरगं खोटं बोलत असलं की त्याच्या हातांवरून ओळखते. तिसरीतल्या त्या दिवसापासून मला स्वतःचेही हात दिसतात. रडतानासुद्धा दिसतात. हे त्यांचं देणं आहे की घेणं, मला अजून ठरवता आलेलं नाही.

म्हातारपणी नानांचं लिहिणं थांबलं, आणि त्यांना एकच गोष्ट हवी झाली. मुकुंदानं एकदा यावं. सरळ म्हणायचे नाहीत. "बंगळुरूची गाडी आता किती वाजता येते गं, चारू?" असं विचारायचे. गेल्या हिवाळ्यात छातीचं दुखणं बळावलं आणि त्यांना छावणीजवळच्या एका दवाखान्यात ठेवलं. मी स्वतः मुकुंदाला फोन केला. म्हटलं, "बाबा रे, या वेळी खरं आहे." तो शांतपणे म्हणाला, "मला मालूम आहे खरं आहे, चारू. तरी नाही येणार." मी काकूंना सांगितलं. काकूंनी मान हलवली आणि संत्रं सोलायला घेतलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही तिघंच खोलीत होतो. खिडकीतून ऊन पलंगावर आलं होतं. काकूंचा मोबाइल वाजला, त्या बाहेर व्हरांड्यात गेल्या, आत आल्या आणि म्हणाल्या, "सुनो जी, मुकुंदा निघालाय. गाडीनं बबीना सोडलं."

नानांनी डोळे उघडले. त्यांचा उजवा हात गळ्याशी गेला आणि सदऱ्याचं वरचं बटण लावायला लागला. तिथे बटण नव्हतं. तुटून किती दिवस झाले होते. तरी बोटं ते नसलेलं बटण काजात घालत होती, सुटल्यासारखं वाटलं की परत लावत होती. "दाढी वाढलीय माझी," ते म्हणाले. मग म्हणाले, "मालू, पाणी भरून ठेव त्याच्यासाठी. आल्या आल्या पाणी लागतं त्याला."

काकूंनी पेला भरला आणि स्टुलावर ठेवला. मी त्यांच्याकडे बघितलं. सकाळीच माझं मुकुंदाशी पुन्हा बोलणं झालं होतं, तो बंगळुरूत घरीच होता. मला सगळं कळलं. काकू खुर्ची ओढून नानांच्या अगदी समोर बसल्या, त्यांच्या तोंडाकडे बघत. दाराशी कुणाची चाहूल लागली की नानांची मान वळायची. परिचारिका आली, फरशी पुसणारी बाई आली, शेजारच्या खोलीतल्या रुग्णाचा भाऊ चुकून डोकावला. प्रत्येक वेळी तो हात गळ्याशी. ऊन पलंगावरून खाली उतरलं तेव्हा काकू म्हणाल्या, "बरं, आता पुरे. मुकुंदा येत नाहीये."

आणि पेल्यातलं पाणी त्या स्वतः प्यायल्या.

मला वाटलं नाना रडतील, नाहीतर शिव्या देतील. पण त्यांनी मान वळवली, आणि देवाशपथ सांगते, त्यांच्या डोळ्यांत कथा लिहायच्या दिवसांतली ती जुनी चमक होती. "मालू," ते म्हणाले, "कसा दिसलो मी? हात काय करत होते?"

काकूंनी पेला उपडा ठेवला. "काहीच नाही."

"असं कसं होईल? काहीतरी केलं असेल ना!"

"कोरे राहिलात. तुमच्यात काही निघालं नाही."

नानांनी माझ्याकडे बघितलं. "पोरी, तू तर बघितलंस. तुला मी शिकवलंय. सांग."

मी म्हटलं, "काकू म्हणतात ते खरं आहे, नाना."

त्यांनी विश्वास ठेवला. जन्मभर ज्यांनी कुणाचं खरं धरलं नाही, त्यांनी आमचं खरं धरलं. डोळे मिटले आणि तोंड भिंतीकडे केलं. मग ते कुणाशी फारसं बोलले नाहीत, आणि त्याच आठवड्यात एका सकाळी गेले. मला याचा पश्चात्ताप वगैरे नाही. मुकुंदा दारोदार फिरला होता तेव्हा मी पायरीवर उभी राहून बघितलं होतं त्याला.

तेराव्यानंतर काकू मला म्हणाल्या, "चारू, ते बटण तू पण बघितलंस ना?" मी म्हटलं, "हो." काकू म्हणाल्या, "फार बुरं केलं गं मी. मुकुंदाला कळता कामा नये. कुणालाच सांगू नकोस. माझ्या गळ्याची शपथ आहे तुला." त्यांनी माझा हात स्वतःच्या गळ्याला लावला. मी शपथ घेतली.

काकू अजून आहेत, सिपरी बाजाराकडच्या घरात एकट्या. डोळे चांगले आहेत, मराठी अंक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतात. हे छापून आलं की अंक त्यांना पोस्टानं मिळायच्या आधी मी स्वतः घेऊन जाणार आहे. त्यांनी हे पान उघडलं की मला समोर बसायचंय. त्यांचे हात काय करतात ते बघायचंय मला.